अडीच फूट गवताचा दावा

कोर्टकचेरीतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये एकाही मराठी माणसाला कळत नसेल, असं मी गेल्या ऑगस्टपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. उगाच नाही! आमच्या घराण्यातच ती विद्या आहे. अकोल्याला आमचं घर आणि शेजारच्या देशमुखांचं घर यांच्यामध्ये अडीच फुटांचा एक बोळ आहे. त्या बोळावरून माझ्या आजोबांनी एकसष्ट साली दावा लावला. पुढे तो वडिलांनी चालवला, आता माझा चुलतभाऊ गुणवंत चालवतोय. निकाल नाही! कोर्टाने सुरुवातीलाच 'जैसे थे' असा हुकूम दिला आणि तेव्हापासून सगळं खरोखरच जैसे थे आहे. त्यांना घर विकता येत नाही, आम्हाला विकता येत नाही. तारखेच्या दिवशी माझे वडील आणि थोरले देशमुख एकाच स्कूटरवरून कोर्टात जायचे, पुढची तारीख घ्यायचे आणि येताना कचोरी खाऊन यायचे.

लहानपणी मला वाटायचं, कोर्ट म्हणजे लोकांना एकमेकांपासून लांब जाऊ न देणारं एक सरकारी खातं असावं. हा समज इतका पक्का होता की एकाहत्तराव्या वर्षी मी त्यावर विसंबून एक योजना आखली.

मी अतुल वानखडे, निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनियर, श्रूजबरीला चौतीस वर्षं राहतो. शेजारचं घर डॉक्टर श्रीरंग मोहरीलचं. श्रीरंग भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवल्यामुळे त्याला मोठ्याने बोलायची सवय नाही. चार वर्षांपूर्वी माझी बायको सुलेखा गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला श्रीरंग माझ्या मागच्या डेकवर चहाला यायचा. चहा मी करायचो, तो वाईट व्हायचा आणि श्रीरंग तो निमूटपणे प्यायचा. खरं सांगतो, दिवसभरात मी जिवंत माणसाशी बोलायचो ते तेवढंच. बाकी मग टीव्ही आणि औषधांच्या दुकानातून येणारे रेकॉर्ड केलेले फोन.

आणि जुलैमध्ये एके दिवशी चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "अतुल, आम्ही घर विकतोय."

"काय?"

"आमची नीना म्हणतेय, पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला या. तिथे त्यांच्या घराला खालचा मजला आहे, सेपरेट एन्ट्रन्स आहे. आर्यलाही आजी-आजोबा हवेत. दीपाने यस म्हणून टाकलं. रिअल्टर येऊन फोटो काढून गेला."

"दीपावहिनींनी यस म्हटलं. तू काय म्हटलंस?"

"मला नाही म्हणता येत नाही रे! चाळीस वर्षं पेशंटला 'दहापासून उलटं मोजा' यापलीकडे मी कोणाला काही सांगितलेलं नाही. तूच काहीतरी कर."

'तूच काहीतरी कर' हे वाक्य इंजिनियरला कधी म्हणू नये. मी कपात राहिलेल्या चहाकडे बघितलं, मग आमच्या दोन घरांमधल्या गवताच्या पट्टीकडे बघितलं, आणि मला अकोला आठवलं.

"श्रीरंग," मी म्हटलं, "मी तुझ्यावर दावा लावतो!"

तो चिडला नाही. त्याला वाटलं, मी शुगरची गोळी चुकवली.

मग मी त्याला नीट समजावलं. आपल्या घरांच्या मध्ये कुंपण नाही. कागदावरची हद्द कुठे आहे हे कोणी बघितलेलं नाही. मी कोर्टात म्हणायचं, की त्यातली अडीच फूट पट्टी कागदावर डॉक्टरांची असली तरी गेली तीस वर्षं तिची निगा मी राखतोय, गवत मी कापतोय, सबब ती माझी. इथल्या कायद्यात वीस वर्षं उघडपणे वापरलेली जागा अशी मागता येते, ते मी वाचून काढलं होतं. दावा लागला की रजिस्ट्रीत नोंद होते, आणि तशी नोंद असलेलं घर कोण विकत घेणार?

"पण गवत तर मी कापतो," श्रीरंग म्हणाला. ते खरं होतं. दर शनिवारी सकाळी आठला तो मोअर काढायचा आणि स्वतःच्या बाजूचं कापता कापता माझ्याही बाजूचं निम्मं कापून टाकायचा. माझा मोअर एकोणीस साली बंद पडला, तो मी दुरुस्तच केला नव्हता.

"अरे, ते कोण बघतंय! कोर्टाला काय घाई आहे?"

"किती वर्षं चालेल?"

"वीस धर. तोवर मी एक्क्याण्णव, तू नव्वद. पुढचं आपली पोरं बघतील, मिहीर आणि नीना."

कित्येक आठवड्यांनी श्रीरंग हसला. "म्हणजे सध्या काय, जैसे थे?"

"जैसे थे!" मी म्हटलं, आणि आम्ही त्या भयंकर चहाचा आणखी एक कप घेतला.

दीपावहिनींना अर्थातच काही सांगायचं नव्हतं. ऑगस्टमध्ये मी फॉर्म भरले, फी भरली, एका सर्व्हेयरला बोलावून अडीच फुटांचा नकाशा करून घेतला. त्याचे एकवीसशे डॉलर गेले. तेवढ्यात घराला गिऱ्हाइकही मिळालं, एक तरुण जोडपं. पण आमचा दावा दाखल झाला, नोंद झाली आणि व्यवहार अडकला. मी खुशीत होतो! कागद प्रतिवादीला पोचवण्यासाठी शेरीफच्या ऑफिसातल्या माणसाची फीसुद्धा मीच भरली. तो कधी पोचवणार, हे मात्र विचारायचं राहून गेलं.

तो आला गणपतीच्या दिवशी. दर वर्षीप्रमाणे श्रीरंगकडे चाळीस माणसं जमली होती. आरती चालू होती. श्रीरंगच्या हातात तबक, माझ्या हातात घंटा. दार उघडंच होतं. सहा फुटी माणूस बूट काढून, टोपी काढून, अत्यंत अदबीने आत आला आणि आरती संपेपर्यंत सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत उभा राहिला. मग त्याने श्रीरंगच्या हातात लिफाफा दिला, कोणीतरी दिलेला मोदक घेतला आणि थँक यू म्हणून निघून गेला.

लिफाफा उघडला दीपावहिनींनी. त्या घरात कागद त्याच उघडतात. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात अजून घंटा होती.

"वादी, अतुल वानखडे?"

मी घंटा पाठीमागे लपवायला गेलो आणि ती एकदा मोठ्याने वाजली.

आता श्रीरंगने थोडं रागावल्यासारखं करावं, एवढंच आमचं ठरलं होतं. पण ज्याने चौतीस वर्षं आवाज चढवला नाही, त्याला किती चढवायचा याचा अंदाज कुठून असणार! तो एकदम ओरडला, "विश्वासघात! अतुल, तू? ज्या ताटात... ज्या डेकवर आपण चहा प्यायलो!" चाळीस माणसं हादरली. एका काकूंना रडू आलं. दीपावहिनींनी माझ्यापुढची ताटली उचलली.

"ते मोदक राहू द्या, अतुलभावजी," त्या म्हणाल्या. "सुलेखा असती तर आज तिला काय वाटलं असतं?"

मी घंटा देव्हाऱ्याशी ठेवली आणि अडीच फूट गवत ओलांडून घरी गेलो.

तरी म्हटलं, ठीक आहे. दोन दिवसांत राग निवळेल, पाचला चहा सुरू होईल. पण दीपावहिनींनी ते कागद त्याच दिवशी स्कॅन करून एका विमा कंपनीकडे पाठवले. घर घेताना मालकी हक्काचा असा काही विमा असतो आणि कोणी जमिनीवर हक्क सांगितला की ती कंपनी आपल्या खर्चाने वकील देते, हे मला माहीत नव्हतं. अकोल्याला वकील आपणच करायचा असतो आणि तो शेजारीच राहतो. इथे श्रीरंगला फुकटात एक वकीलबाई मिळाल्या, मिस डॉनोव्हन. त्यांचा एक तास माझ्या सर्व्हेयरच्या निम्म्या बिलाएवढा! त्यांनी पहिल्याच फोनमध्ये श्रीरंगला बजावलं, की समोरच्या पक्षाशी एक शब्द बोलायचा नाही. फोन नाही, मेसेज नाही. चहा तर नाहीच.

पाच वाजले. मी दोन कप ठेवले. तो आला नाही. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याने हात वर केला, आणि मग कोणी बघेल म्हणून केस सारखे केल्यासारखं केलं.

मग जर्सी सिटीहून माझ्या मुलाचा, मिहीरचा फोन आला. तो बँकेत रिस्कचं काम करतो, सगळ्या गोष्टींची किंमत काढतो.

"बाबा, यू आर सूइंग श्रीरंगकाका? ही टॉट मी टु राइड अ बाइक!"

"दावा नुसता लावलाय रे. तो चालवायचा नाहीये, ठेवायचाय."

"व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन? बाबा, हिअर नोबडी कीप्स अ लॉसूट. इट्स टू एक्स्पेन्सिव्ह. एव्हरीबडी सेटल्स!"

पोराला परंपरा माहीत नाही, म्हणून मी सोडून दिलं. पण त्याचं ते वाक्य मला बोचत राहिलं. आमच्या बोळाचा दावा साठ वर्षं टिकला, कारण तो चालू ठेवायला काही पडत नव्हतं. तारखेला थोडे पैसे आणि कचोरी. इथे मिनिटाला मीटर पडतं. भांडण महाग असलं की ते मिटवायची सगळ्यांना घाई होते, ही साधी गोष्ट माझ्या घराण्याच्या अनुभवात बसत नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटी मला श्रीरंग भेटला तो देशी ग्रोसरीत, आट्याच्या पोत्यांमागे. मी हळूच म्हटलं, "काय रे, कसं चाललंय?"

त्याने दोन्हीकडे बघितलं. "अतुल, बोलू नकोस. वकीलबाई म्हणते, दोघांनी आधी ठरवून केलं असं निघालं तर तो फ्रॉड होतो. मला शपथ घ्यायला लावतील म्हणे. मला शपथेवर खोटं बोलता येत नाही रे."

"चहाचं काय?"

"दीपाला आता कॉफी आवडते," तो म्हणाला आणि आटा न घेताच निघून गेला. तो चालताना वाकायला लागलाय, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मला आशा होती ती तारखेची. पहिली तारीख किमान वर्षाने पडेल, असा माझा हिशेब होता. ती पडली ऑक्टोबरमध्ये! मी घाबरून गुणवंतला अकोल्याला फोन लावला.

"त्यात काय भ्यायचं?" गुणवंत म्हणाला. "सांग ना, वकील आजारी हाय. आम्ही साठ सालांपासून तेच सांगून ऱ्हायलो."

मी कोट घालून कोर्टात गेलो. न्यायाधीश बाई पन्नाशीच्या, चष्म्याच्या, कामसू. त्यांनी फाइल वाचलेली होती! आमच्या अकोल्यात फाइल आधी सापडावी लागते. त्यांनी विचारलं, "मिस्टर वानखडे, आर यू रेडी टु प्रोसीड?"

"नो, युअर ऑनर. मला पुढची तारीख पाहिजे. माझे वकील आजारी आहेत."

बाईंनी कागद उलटसुलट केले. "सर, यू आर रिप्रेझेंटिंग युअरसेल्फ."

"यस, युअर ऑनर."

"सो... यू आर सिक?"

मी दोन सेकंद विचार केला आणि खोकलो. मागच्या बाकावर श्रीरंगने तोंड दाबून धरलं. त्याचे खांदे हलत होते. मिस डॉनोव्हननी त्याच्याकडे बघितल्यावर ते थांबले. त्या सबंध प्रकरणात मला मिळालेला आनंद तो एवढाच.

बाईंनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पुढची तारीखही दिली. पाच आठवड्यांची! शिवाय ती कोर्टाची नव्हती, तडजोडीची होती.

तडजोडीला दोन खोल्या असतात. एकीत मी, दुसरीत श्रीरंग, दीपावहिनी आणि मिस डॉनोव्हन. मिसेस डॅली नावाच्या एक वयस्कर मध्यस्थ बाई मधल्या पॅसेजमधून ये-जा करत होत्या, बाळंतिणीच्या खोलीतून बातमी आणावी तशा.

"विमा कंपनीवाले पंधराशे डॉलर द्यायला तयार आहेत," त्या म्हणाल्या.

"नको."

पंधरा मिनिटांनी. "तीन हजार."

"नको."

"पाच हजार. मिस्टर वानखडे, मोकळेपणाने सांगते. त्या पट्टीची किंमत तेवढी नाही. पण खटला चालवायचा तर त्यांना चाळीस हजार खर्च येईल. त्यामुळे तुमचा दावा खरा आहे की खोटा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. तुम्ही नुसते जायला किती घेता, एवढंच त्यांना हवंय."

"मला जायचं नाहीये. कोणीच जायचं नाहीये," मी म्हणालो.

मिसेस डॅलींनी चष्मा काढला. "मग तुम्हाला नक्की हवंय काय?"

"हे असंच चालू राहावं."

"खटला?"

"हो."

तीस वर्षांत त्यांना असं कोणी सांगितलं नसावं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "मिस्टर वानखडे, घरी तुमच्यासोबत कोण असतं?"

मी फक्त म्हटलं, मला त्याला भेटायचंय.

त्यांनी सगळ्यांना एका खोलीत आणलं. दहा आठवड्यांनी श्रीरंग माझ्यासमोर टेबलाशी बसला. मिस डॉनोव्हननी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, प्रश्न एकच आहे, त्या पट्टीवरचं गवत इतकी वर्षं कोण कापत होतं?

मी मान खाली घातली. आता खरं बाहेर येणार, दावा जाणार, अब्रू जाणार.

"ही डिड," श्रीरंग म्हणाला. "एव्हरी सॅटर्डे. एट ओ'क्लॉक. गिव्ह इट टु हिम."

दीपावहिनींनी चमकून त्याच्याकडे बघितलं. दर शनिवारी त्याचे हिरवे झालेले मोजे त्याच धूत होत्या.

"श्रीरंग!" मी मराठीत म्हणालो. "अरे, तू हे संपवतोयस! पट्टी दिलीस तर दावा संपला. नोंद निघाली की घर विकलं जाईल!"

"जाऊ दे," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा खाली होता, पेशंटला मोजायला सांगतो तसा. "मला वाटत होतं, संध्याकाळच्या चहाशिवाय मला जमणारच नाही. म्हणून तर तुला म्हटलं, काहीतरी कर. तू केलंस. दहा आठवडे तुझ्याशी धड बोललो नाही. पहिले दोन आठवडे पाच वाजले की मी उठून उभा राहायचो. मग बसून राहायला शिकलो. तुझ्याशिवाय इथे राहता येतं, तर तिथेही राहता येईलच की. रागावलो नाहीये रे. सवय मोडली, एवढंच."

"व्हॉट इज ही सेइंग?" मिस डॉनोव्हननी मला विचारलं.

"ही सेज," मी म्हटलं, "द टर्म्स आर अ‍ॅक्सेप्टेबल."

मी सही केली. अख्ख्या वानखडे घराण्यात दावा जिंकलेला मी पहिला माणूस!

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते बेलव्ह्यूला गेले. निघताना दीपावहिनी आल्या. मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "तुम्हा दोघांना मला सरळ सांगता आलं नाही? दीपा, नको जाऊया, एवढी चार अक्षरं?" मग त्यांनी डोळे पुसले आणि फ्रीजमधले उरलेले मोदक मला दिले. सप्टेंबरपासून ते त्यांनी माझ्या नावाने फ्रीझरमध्ये ठेवले होते.

नव्या जोडप्याने आल्या आल्या माझ्या एकवीसशे डॉलरच्या नकाशाप्रमाणे इंच न इंच मोजून सहा फुटी पांढरं कुंपण घातलं. आता डेकवरून ती खिडकी दिसत नाही. श्रीरंग रविवारी फोन करतो. तिथे पाऊस आहे का, इथे थंडी आहे का, एवढं झालं की आर्यच्या सॉकरची वेळ होते. मिहीरने सगळा खर्च एका शीटमध्ये मांडून पाठवला, मी तो उघडला नाही.

परवा गुणवंतचा फोन आला. "काय बा, तुया दाव्याचं काय झालं?"

"जिंकलो."

"अरेरे!" तो मनापासून हळहळला. "इतक्या लवकर? आपला तर मस्त चालू हाय. धाकटा देशमुख आत्ताच चहा पिऊन गेला. उद्या तारीख हाय ना, त्याच्या गाडीतच जातो."

मे लागलाय आणि माझं अडीच फूट गवत गुडघ्याला आलंय. जाताना श्रीरंग त्याचा मोअर माझ्या गॅरेजमध्ये ठेवून गेला. वर चिठ्ठी होती, 'शनिवार, आठ वाजता.' मी रोज दोरी ओढतो, तो सुरू होत नाही. त्याला सुरू करायची काहीतरी खुबी असणार, ती फक्त श्रीरंगला माहीत. फोन करून विचारलं तर दोन मिनिटांत सांगेल.

पण मग रविवारी विचारायला काय उरेल? तेव्हा तूर्तास गवत आहे तसं ठेवलंय. जैसे थे.